इंजेक्शन पंपाचे टायमिंग (डिझेल इंजिन)

दट्ट्या वरच्या टोकाला (टीडीसी) पोहोचण्याच्या किंचित आधी इंधनाचा फवारा सुटावा, यासाठी पंप व क्रँकशाफ्ट यांचा मेळ बसवण्याची क्रिया. मोटारींतील बॉश व्हीई पंपाच्या मागचा मधला स्क्रू काढून तेथे डायल गेज बसवतात. इंजिन उलट फिरवून काटा स्थिरावला, की तो शून्यावर आणतात. मग पहिल्या सिलिंडरच्या टीडीसी खुणेपर्यंत सुलट फिरवून पंपातील प्लंजरची उचल गेजवर वाचतात. ती उत्पादकाच्या मापाला जुळेपर्यंत सैल केलेला पंप किंचित फिरवतात. फवारा लवकर सुटल्यास इंजिन ठोकते. उशिरा सुटल्यास ताकद घटते, धूर वाढतो आणि चंडीगढसारख्या ठिकाणी हिवाळ्यात गाडी लवकर सुरू होत नाही.