परतीची वाट नोंदवहीतून जाते

वारसा जपणाऱ्या संस्थांपुढे आज दोन प्रश्न उभे आहेत. वसाहतकाळात लुटलेल्या किंवा पुढे चोरून विकलेल्या वस्तू मूळ ठिकाणी परत कशा द्यायच्या, हा एक. छायाचित्रे, त्रिमितीय स्कॅन आणि संगणकीय सूच्या यांनी संग्रहालयाचे कामच पालटत असताना या नव्या साधनांवर ताबा कोणाचा, हा दुसरा. पहिला प्रश्न सहसा कायद्याच्या अभ्यासकांकडे जातो, दुसरा तंत्रज्ञांकडे. प्रस्तुत ग्रंथात ते शेजारी शेजारी ठेवले आहेत, कारण दोन्हींचा कणा एकच आहे : नोंद.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या मुदतीवर. मालकी लंडनकडेच राहिली. रघुजी भोसले यांची तलवार २०२५ मध्ये राज्य शासनाने लिलावात पैसे मोजून मिळवली. उसनवारी, खरेदी आणि हक्काने झालेली परतफेड हे तीन वेगळे व्यवहार आहेत. वाचकांनी हा फरक सुरुवातीलाच मनाशी पक्का केला, तर पुढची बरीच गुंतागुंत आपोआप सुटेल.

हक्काच्या परतफेडीचे एक उदाहरण तपशिलात पाहू. तमिळनाडूतील अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंतन नावाचे गाव आहे. तिथल्या चोळकालीन मंदिरातील कांस्य नटराज २००६ च्या सुमारास चोरीला गेला. मंदिरात फारशी वर्दळ उरली नव्हती. चोरी उघडकीला यायला २००८ साल उजाडले. त्याच वर्षी कॅनबेरा येथील नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने हा नटराज सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. सोबत पूर्वमालकीची कागदपत्रे होती आणि ती बनावट निघाली. निर्णायक ठरले ते पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये त्याच मंदिरात टिपलेले छायाचित्र. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी दिल्लीत ही मूर्ती भारताच्या स्वाधीन केली.

एका छायाचित्राला एवढे वजन का यावे? याचे उत्तर मूर्ती घडवण्याच्या रीतीत आहे. चोळ कारागीर मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा चढवत, तो तापवून मेण वितळवून काढत आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतत. मूर्ती बाहेर काढायची तर साचा फोडावाच लागे. त्यामुळे तिची हुबेहूब जोड असूच शकत नाही. ओतकामातला एखादा खळगा, प्रभावळीतली मोडकी ज्वाला, झिजलेली कड अशा खुणा तिची ओळख पटवतात. इन्स्टिट्यूटचे छायाचित्रकार मंदिरे आणि मूर्तिशास्त्र यांच्या अभ्यासासाठी हिंडत होते. कोर्टकचेरी त्यांच्या मनातही नसावी. निरपेक्ष अभ्यासाची ही कमाई या क्षेत्रातल्या प्रत्येकाला अभिमान वाटावा अशी आहे.

मात्र नोंद म्हणजे परतफेड नव्हे, हेही तितकेच ध्यानात ठेवायला हवे. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातील बेनिनचा राजवाडा लुटला आणि तिथली कांस्यशिल्पे जगभर पांगली. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या 'डिजिटल बेनिन' या प्रकल्पाने २० देशांतील १३१ संस्थांकडच्या पाच हजारांहून अधिक वस्तूंची माहिती, एदो भाषेतील नावांसह, एकत्र आणली. कोणती वस्तू कुठे आहे हे नायजेरियातील अभ्यासकाला आता घरबसल्या कळते. त्याच वर्षी जर्मनीने आपल्याकडच्या बेनिन वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवण्याचा करार केला. ब्रिटिश म्युझियमचे हात मात्र १९६३ चा कायदा बांधतो. पडद्यावरची प्रतिमा दावा भक्कम करते, पण ती देऊन मूळ वस्तू ठेवून घेणे हा न्याय होत नाही.

शिवाय सगळेच सर्वांसाठी खुले करावे असेही नाही. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना उभी राहिलेली 'मुकुर्तू' ही प्रणाली कोणती छायाचित्रे कोणी पाहावीत याचा निर्णय त्या त्या समाजाकडे सोपवते. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' ही संगणकप्रणाली घडवली, ही मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावी अशी गोष्ट.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी कायद्याच्या कलमांपासून सुरुवात करू नये. आधी एखादी वस्तू निवडावी आणि ती कोणी घडवली, कुठून निघाली, कोणाच्या हातून गेली, तिची पहिली नोंद कधी झाली, हे विचारत जावे. १९७० चा युनेस्को करार किंवा आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा मग रुक्ष वाटणार नाही.

आणि एक विनंती. तुमच्या गावच्या देवळात जुनी मूर्ती असेल, तर विश्वस्तांच्या परवानगीने तिची छायाचित्रे सर्व बाजूंनी घ्या. उंची-रुंदी मोजा, धातू किंवा दगड, लेख, भेगा, डाग लिहून ठेवा. एक प्रत देवस्थानाकडे, दुसरी बाहेर सुरक्षित ठेवा. मूर्ती जागेवर आहे तोवरच हे काम करता येते.