बाळासाहेब खेर आणि आमची अक्राणी

नात सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा तिने विचारलं, "आजोबा, मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान कोण?" तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. मी म्हणालो, "धनजीशा कूपर." तिने पुस्तक उघडून दाखवलं. उत्तर होतं, बाळ गंगाधर खेर.

आता मास्तर माणसाला गप्प बसवत नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, पण गव्हर्नरांच्या अधिकारांवरून वाद असल्याने तिने लगेच सत्ता घेतली नाही. त्यामुळे एप्रिल ते जुलै असं साडेतीन महिने साताऱ्याच्या कूपरांचं हंगामी मंत्रिमंडळ होतं. खेर आले ते १९ जुलैला. नात म्हणाली, "मग मी काय लिहू?" मी म्हटलं, "खेरच लिही बाई, गुण तरी मिळतील."

गंमत सोडा. पण एका ओळीच्या उत्तरात बसवलेल्या या माणसाचा आपल्या नंदुरबार जिल्ह्याशी संबंध आहे, हे मलाही नोकरीतून मोकळा झाल्यावरच नीट कळलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ चा, रत्नागिरीचा. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून ते पदवीधर झाले, पुढे कायदा शिकले. सुरुवातीला त्यांनी हायकोर्टाचे न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे चिटणीस म्हणून काम केलं. बीमनसाहेबांची नजर फार अधू होती. म्हणजे दुसऱ्यासाठी कागद वाचणं हेच या तरुणाचं पहिलं मोठं काम. १९१८ साली त्यांनी भागीदारीत सॉलिसिटरची पेढी काढली. मणिलाल, खेर, अंबालाल ही ती पेढी. सॉलिसिटर म्हणजे कोर्टात हातवारे करून बोलणारा वकील नव्हे. अशिलाचं म्हणणं ऐकायचं, दस्तऐवज तपासायचे, कच्चे दुवे शोधायचे आणि खटला तयार करून द्यायचा. कीर्ती दुसऱ्याची, मेहनत याची.

अशी चालती पेढी असताना ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३७ साली पक्षाने त्यांना नेता निवडलं. नरिमन यांचं नाव मागे पडून खेरांचं पुढे आलं, त्यावरून मोठं वादळ उठलं होतं, तेही सांगायला हवं. काँग्रेसच्या मंत्र्यांनी तेव्हा महिना ५०० रुपये पगार घ्यायचं ठरवलं होतं. सॉलिसिटरच्या मिळकतीपुढे तो काय असेल ते तुम्हीच पाहा. शिक्षण खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

आता आपल्याकडे येऊ. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्या काळी हा सगळा पश्चिम खानदेश. १९३५ च्या कायद्याने देशातले काही आदिवासी मुलूख 'अंशतः वगळलेले' ठरवले होते. पश्चिम खानदेशातला नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर या मेवासी संस्थानिकांची गावं त्या यादीत होती. याचा अर्थ असा की, मुंबईच्या विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरांनी खास अधिसूचना काढल्याशिवाय तिथे लागूच होत नसे. लोकांनी निवडलेलं सरकार आलं, पण त्याचा कायदा सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन थांबायचा!

खेर सरकारने या मुलखाची चौकशी करायला सिमिंग्टन नावाचा अधिकारी नेमला. त्याचा अहवाल आजही वाचवत नाही. सावकाराच्या वहीत अडकलेली माणसं, हातची गेलेली जमीन, वेठबिगार, आणि आपण कशावर अंगठा उठवला याचा पत्ता नसलेला कूळदार. पुढे युद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खेर पेढीत जाऊन स्वस्थ बसले नाहीत. १९४० साली त्यांनी आदिवासी सेवा मंडळ स्थापन केलं. त्याचं काम मुख्यतः ठाणे जिल्ह्यात चाललं.

याच ठाणे जिल्ह्यात त्यांच्या कारकिर्दीला डागही लागला. तिथे वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा केला तो गोदावरी परुळेकरांनी. त्याही कायदा शिकलेल्या. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्य झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या सरकारने परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यातून हद्दपार केलं. आदिवासींचं भलं व्हावं असं मनापासून वाटणं वेगळं आणि आदिवासी स्वतः उभा राहिला की ते सोसणं वेगळं. सज्जन माणसालाही ही दुसरी पायरी अवघड जाते. खेरांवर राग धरायला मी कोण? माझी गोष्ट पुढे सांगतोच.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र त्यांचं काम मोठं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी १९४७ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला, पुणे विद्यापीठही तेव्हाचंच. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केंद्राने उत्पन्नाच्या १० टक्के आणि प्रांतांनी २० टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी असं सुचवलं होतं. १९५२ मध्ये पद सोडल्यावर ते इंग्लंडमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले, नंतर राजभाषा आयोगाचे अध्यक्ष. ८ मार्च १९५७ ला ते गेले.

आता माझी गोष्ट. मी १९७४ साली अक्राणी तालुक्यातल्या एका शाळेत लागलो. ओसरीवर वर्ग. मुलं घरी पावरी बोलायची, पुस्तक मराठी, आणि मला पावरीचा एक शब्द येत नव्हता. चौथीत एक मुलगा होता. विचारलं की खाली बघायचा. मी त्याला मठ्ठ म्हणायचो, सगळ्यांसमोर. चौथीनंतर तो आला नाही. मीही बोलवायला गेलो नाही. त्याच्या पाड्याची वाट दीड तासाची, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं दिलं.

२००९ साली, मी निवृत्त झालो त्या वर्षी, धडगावच्या बाजारात एक माणूस समोर आला. "गुरुजी, ओळखलं का?" तोच. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून म्हणाला, "एवढं वाचून द्या." वनहक्काचा दावा नामंजूर झाल्याची ती सूचना होती. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन नावावर होऊ शकते. बापाच्या काळापासून तो ती कसत होता. अपिलाला ६० दिवसांची मुदत असते. त्याचे नऊ उरले होते. इतके दिवस तो कागद जपून खिशात घेऊन हिंडत होता आणि वाचणारा शोधत होता.

चहाच्या टपरीवर बसून मी अर्ज लिहिला. कोणत्या झाडाशी हद्द, कुठल्या नाल्याच्या कोणत्या बाजूला, कोणत्या साली कोणतं पीक, सगळं तो तोंडपाठ सांगत होता. मठ्ठ! लिहिताना माझाच हात कापत होता. काही वर्षांनी पट्टा मिळाला, कायद्यानुसार नवरा-बायको दोघांच्या नावावर. तो पेढे घेऊन घरी आला. मला तो पेढा गिळवेना.

खेरांचं चरित्र वाचताना मला ती टपरी आठवते. कायदे झाले. अंशतः वगळलेल्या मुलखाच्या जागी राज्यघटनेची पाचवी अनुसूची आली. १९७१ नंतर शहाद्याला अंबरसिंग महाराजांच्या मागे आदिवासी उभे राहिले आणि १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. पण २०११ च्या जनगणनेतही आपल्या जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपासच होती. कायदा डोंगर चढून पाड्यापर्यंत जातो तो कागदाच्या रूपाने, आणि तो वाचता आला तरच तो त्या माणसाचा. म्हणून एका सॉलिसिटराने शिक्षण खातं स्वतःकडे ठेवलं, याचं मला मोल वाटतं. त्याने वरचं टोक धरलं होतं. खालचं टोक माझ्यासारख्यांच्या हातात होतं, आणि ते माझ्या हातून एकदा सुटलं.

नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "परीक्षेत हे विचारत नाहीत." खरं आहे. पण हल्ली ती सुटीत गावी आली की माझ्याबरोबर धडगावला येते आणि बाजारच्या दिवशी टपरीवर बसून लोकांचे कागद वाचून देते. माझी नजर आता अधू झाली आहे.