साकोली परिसरातील तलाव : एका अधिवासाचा इतिहास

पूर्व विदर्भातील प्राणी व वनस्पती यांचा विचार निघाला की अभ्यासकाची दृष्टी प्रथम अरण्याकडे वळते. भंडारा जिल्ह्यातील साकोलीच्या बाबतीत हे स्वाभाविकही आहे. नागझिऱ्याचे अरण्य जवळच असून १९७० साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला व २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. परंतु या भूभागाचा तितकाच महत्त्वाचा दुसरा अधिवास अरण्याबाहेर, गावाच्या शिवारात आहे. तो म्हणजे तलाव. अरण्य निसर्गदत्त आहे, तलाव मानवनिर्मित आहे. आणि म्हणूनच तलावातील जीवसृष्टीचा इतिहास हा मनुष्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

या दोन अधिवासांतील भेद स्थलनामांतही उमटलेला दिसतो. उमरझरी, पिटेझरी, नागझिरा या नावांतील उत्तरपद नैसर्गिक पाझराचे निदर्शक आहे. जांभळी, मोहघाटा यांतून वृक्षांची आठवण राहिली आहे. उलट नवेगावबांध या नावात मनुष्याच्या हातचे काम नोंदले गेले आहे. बोडी म्हणजे लहान तलाव, बांधी म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत. पाळ, तुडूम, सलंग, पाट हे शब्द अनुक्रमे तलावाचा बंधारा, पाणी सोडण्याचे द्वार, सांडवा व कालवा यांचे वाचक आहेत. एखाद्या प्रदेशात पाण्याच्या व्यवस्थेसाठी इतकी नेमकी शब्दसंपत्ती रूढ असावी, यावरूनच त्या व्यवस्थेचे वय व तिची व्याप्ती यांची कल्पना येते.

तलावबांधणीचे श्रेय प्रामुख्याने कोहळी समाजाकडे जाते. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, अशी परंपरागत कथा रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली नोंदविली आहे. पूर्वीच्या साकोली तहसिलीत असलेला व आता गोंदिया जिल्ह्यात मोडणारा नवेगावबांध हा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरा सांगते. त्यास पुढे कोलासूर या नावाने देवत्व लाभले. आख्यायिकेचा तपशील बाजूस ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट होते : जलाशय बांधणाऱ्यास या प्रदेशाने देव मानले.

येथील भूमी व पाऊस पाहिले म्हणजे तलावांचे प्रयोजन कळते. पाऊस विपुल, परंतु जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडणारा. आणि धान तर फुलोऱ्याच्या वेळी, पाऊस ओसरत असतानाच, पाणी मागणारे. तेव्हा उताराच्या तोंडाशी पाळ घालावयाची, पावसाळ्यात तलाव भरू द्यावयाचा व आश्विन-कार्तिकात तुडूम उघडून बांध्या भिजवावयाच्या, अशी ही रीत होती. हिवाळ्यात पाणी मागे हटे, उघड्या पडलेल्या गाळात पेर होई आणि उन्हाळ्यात मध्यभागी डबके उरे.

या वार्षिक भरती-ओहोटीशीच तलावातील जीवसृष्टीने आपला मेळ बसविला. कमळाचा कंद चिखलात उन्हाळा काढतो. देवधानाचे दाणे पिकताच गळून गाळात पडतात व पुढील पावसाची वाट पाहतात. मरळ, मागूर हे मासे हवेतील प्राणवायू घेऊ शकत असल्यामुळे आटत्या पाण्यात तग धरतात. अडईसारखी बदके पाणवनस्पतींच्या आश्रयाने राहतात, तर हिवाळी पाहुण्यांना उथळ कडा व उघडा गाळ सोयीचा पडतो. सारस हा तर स्थलांतर न करणारा पक्षी. तो उथळ पाणथळीत, पुष्कळदा धानाच्या बांधीतच, घरटे रचतो. शेतकऱ्याचे शेत हेच त्याचे सूतिकागृह होय. मासेमारी व शिंगाड्याची लागवड करणाऱ्या ढिवर समाजाचे जीवनही याच ऋतुचक्राने बांधलेले होते.

या व्यवस्थेत खंड पडला तो मालकीच्या प्रश्नावरून. इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मालगुजारांना गावांचे स्वामित्व मिळाले व तलाव त्यांच्याकडे राहिले. १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून हे स्वामित्व संपुष्टात आले आणि तलाव शासनाचे झाले. मालगुजारीत वेठ होती, अन्याय होता. तिच्या अंताबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु पाळीची डागडुजी व गाळाचा उपसा ही कर्तव्ये ज्या सत्तेला बांधलेली होती ती सत्ता गेली, आणि कर्तव्यांना नवा वारस मात्र वेळीच मिळाला नाही. पुढे जिल्हा परिषदा व पाटबंधारे विभाग यांच्यात तलावांची वाटणी झाली. ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांब नावाचे ‘मामा तलाव’ असे आपुलकीचे रूप झाले. आपुलकी नावात राहिली, देखभालीत उतरली नाही.

परिणाम जीवसृष्टीवर झाला. गाळाने खोली घटली, काठांवर बेशरमाची झुडपे माजली, आणि बाहेरून आणलेल्या मत्स्यबीजावर भर दिल्याने स्थानिक जातींकडे दुर्लक्ष झाले. महाराष्ट्रात सारस आज मुख्यत्वे गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतच उरला आहे. भंडाऱ्यात तर तो अगदी बोटांवर मोजण्याइतका. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याच्या रक्षणाची दखल स्वतःहून घ्यावी लागली. अरण्याला सीमा आखून संरक्षण देता येते; सारसाला तसे देता येत नाही, कारण त्याचे अरण्य म्हणजे शेतकऱ्याची बांधीच आहे.

आशेची बाजूही आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवरांच्या सहकारी संस्थांनी काही तलावांतील बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या कामी त्यांना उपयोगी पडले ते त्यांच्याच बोलीतील वनस्पतींचे व माशांचे ज्ञान. एखादा शब्द लोपला म्हणजे केवळ कोशातील एक नोंद कमी होत नाही. ती वस्तू ओळखणारी व जपणारी दृष्टीही तिच्याबरोबर जाते. म्हणून साकोलीच्या तलावांचा इतिहास लिहिताना दप्तरांबरोबर ही बोलीही साधन म्हणून हाताळणे अगत्याचे आहे, आणि ती बोलणारे आज हयात असतानाच हे काम व्हावयास हवे.