बी ठाऊक नसलेलं पीक

कोरियाच्या नैऋत्य टोकाला दक्षिण जॉल्ला नावाचा प्रांत आहे. तिथले लोक सुमारे तीनशे वर्षं समुद्रात एक पीक घेत होते आणि त्या पिकाचं बी कुठून येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं तर जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पीक म्हणजे गिम. लालसर जांभळं, हाताला बुळबुळीत लागणारं हे समुद्री शेवाळ धुऊन, चिरून, पातळ थरात वाळवलं की काळं चकचकीत दिसतं. कोरियन गिमबापमध्ये भाताभोवती जो काळा पापुद्रा गुंडाळलेला असतो तो हाच. कोरियातलं बहुतांश गिम आजही याच प्रांताच्या समुद्रातून येतं.

ते इथंच का, हे नकाशा पाहिला की कळतं. या किनाऱ्यावर सरळ रेघ म्हणून नाही. सगळीकडे खाड्या, भूशिरं आणि बेटं, तीही सुमारे दोन हजार. एकट्या शिनान जिल्ह्यातच हजारावर बेटं मोजतात. बेटांच्या आडोशामुळे लाटांचा जोर मोडतो. भरती-ओहोटीतला फरक बऱ्याच ठिकाणी तीन-चार मीटरचा असल्यामुळे दिवसातून दोनदा मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. या चिखलपट्ट्यांपैकी काहींना 2021 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. नद्या डोंगरांतलं खत समुद्रात आणून ओततात, हिवाळ्यात पाणी चांगलंच गार होतं. गिमला हे सगळं लागतं, आणि ओहोटीच्या वेळी थोडा वेळ उन्हावाऱ्यात उघडं पडणंही मानवतं.

राजधानीच्या नजरेनं मात्र हा मुलूख म्हणजे जगाचं टोक. जोसॉन राजवटीत नावडत्या विद्वानांना इथं हद्दपार करत. चॉंग याक-जॉन हा असाच एक विद्वान. हुकसान बेटावर शिक्षा भोगताना त्यानं स्थानिकांना विचारून विचारून तिथल्या मासळीची आणि समुद्री वनस्पतींची नोंद केली. 1814 सालचा तो ग्रंथ कोरियन विद्येचं भूषण मानला जातो. या किनाऱ्याचं ज्ञान किनाऱ्यावरच्या माणसांकडेच होतं. ते कागदावर मात्र बहुधा बाहेरून आलेल्यांनी उतरवलं.

गिमची गोष्टही अशाच एका बाहेरून आलेल्या माणसापासून सुरू होते. खाण्यात गिम त्याच्या पुष्कळ आधीपासून होतं. 1425 सालच्या शेजारच्या ग्यांगसांग प्रांताच्या भूवर्णनात ते स्थानिक उत्पन्न म्हणून नोंदलेलं आहे. पण ते खडकांवरचं रानटी गिम. थंडीत घसरड्या दगडांवर वाकून ते खरवडायचं, आणि निसर्ग देईल तेवढंच मिळायचं.

1636 च्या हिवाळ्यात मांचू फौजा कोरियात घुसल्या. यॉंगामचा किम यॉ-इक नावाचा तरुण स्वयंसेवकांच्या तुकडीबरोबर उत्तरेकडे निघाला. वाटेतच राजानं शरणागती पत्करल्याची बातमी आली आणि तो मागे फिरला. काही वर्षं भटकून 1640 च्या सुमारास तो ग्वांगयांगजवळच्या थेइन बेटावर स्थिरावला. सॉमजिन नदी जिथं समुद्राला मिळते तिथलं हे बेट. किनाऱ्याला वाहून आलेल्या ओकच्या फांदीवर गिम रुजलेलं त्याला दिसलं, आणि त्यानं मुद्दाम फांद्या चिखलात रोवून पाहिल्या. 1714 साली ग्वांगयांगचा दंडाधिकारी हॉ शिम यानं त्याच्या थडग्यासाठी लिहिलेल्या मजकुरात गिमची लागवड पहिल्यांदा किम यॉ-इकनं केली, असं म्हटलं आहे.

वांदो जिल्ह्यातल्या बेटांना हा मान मान्य नाही. तिथंही लाटांवर तरंगत आलेल्या लाकडाची अशीच कथा सांगतात, आणि मासे अडवायला उभारलेल्या कुडांवर गिम धरतं हे पाहून शेती सुरू झाल्याची आणखी एक. मला यात विरोध दिसत नाही. चिखलात काठ्या रोवलेला किनारा एवढा लांब असताना ही गोष्ट एकाच माणसाच्या लक्षात आली असेल, असं मानायचं कारण नाही. तरी नाव, गाव आणि जुना लेख या तिन्ही गोष्टी किम यॉ-इकच्याच बाजूला आहेत, म्हणून पहिला मान त्याला देणं रास्त वाटतं.

लागवड सुरू झाली म्हणजे काय झालं? शरद ऋतूत बांबूच्या किंवा झाडांच्या फांद्यांच्या जुड्या ओहोटीच्या वेळी चिखलात रोवायच्या आणि वाट पाहायची. काही आठवड्यांनी फांद्यांवर जांभळी लव दिसू लागे. कधी दिसतच नसे. लव धरली तर ऐन थंडीत, गुडघाभर गार चिखलात उभं राहून हातानं तोडणी. मग घरी आणून गोड्या पाण्यात धुवायचं, सुऱ्यांनी बारीक चिरायचं, पाण्यात कालवायचं आणि गवताच्या काड्यांच्या विणलेल्या चटईवर चौकट ठेवून एक माप ओतायचं. पाणी गळून गेलं की चटईवर पातळ थर उरतो. अशा शेकडो चटया उन्हात लावायच्या, आणि आपल्याकडे पापड वाळत घातल्यावर आभाळाकडे जसं लक्ष ठेवतात तसं दिवसभर लक्ष ठेवायचं. ही कामं मोठ्या प्रमाणावर बायकांची. लागवडीच्या शोधाबरोबर एका पुरुषाचं नाव राहिलं, पण गिमला बाजारात विकता येईल असं रूप देणाऱ्या या हातांपैकी एकाचंही नाव इतिहासात नाही. या कुळकथेतली ही मोठी उणीव मला वाटते.

शंभर पापुद्र्यांची एक गड्डी, हे माप आजही चालतं. चांद्रवर्षातल्या पहिल्या पौर्णिमेला गिममध्ये भात गुंडाळून खाल्ला की वर्षभर भाग्य लाभतं, ही रीत 1849 च्या एका सणवर्णनात नोंदलेली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी सत्तेखाली हे उत्पन्न वाढलं ते मुख्यतः जपानच्या बाजारासाठी. जपानमध्येही हीच शेती होती, आणि तिथल्या शेतकऱ्यांनाही बियाचं कोडं उलगडलेलं नव्हतं. उन्हाळ्यात गिम पूर्ण नाहीसं होतं आणि शरदात पुन्हा उगवतं. मधले महिने ते कुठं असतं? उत्तर मिळालं इंग्लंडात. कॅथलीन ड्रू-बेकर मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत असत. 1928 साली लग्न केल्यावर त्यांची नोकरी गेली, कारण विवाहित स्त्रियांना नोकरीत ठेवायचं नाही असा तिथला नियम होता. पुढचं संशोधन त्यांनी विनावेतन केलं. त्या ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या गिमच्या जातभाईचा अभ्यास करत होत्या. त्याचे बीजाणू शिंपल्यांवर पडले की कवचात शिरून सूक्ष्म गुलाबी तंतू होऊन वाढतात, हे त्यांना दिसलं. या गुलाबी तंतूंना तोवर शास्त्रज्ञ निराळीच वनस्पती समजत होते. 1949 साली ‘नेचर’मध्ये त्यांचं टिपण छापून आलं. म्हणजे उन्हाळाभर गिम शिंपल्यांत दडलेलं असतं, आणि शरदात पाणी गार होत 22-23 अंशांच्या आसपास आलं की तिथून बीजाणू सुटतात.

जपानी संशोधकांनी यावरून काही वर्षांतच शिंपल्यांत बी तयार करण्याची रीत बसवली. पुढे कोरियानंही ती उचलली. ड्रू-बेकर 1957 मध्ये वारल्या. जपानला त्या कधी गेल्या नाहीत, पण तिथल्या गिम-शेतकऱ्यांनी 1963 साली कुमामोतोजवळ त्यांचं स्मारक उभारलं आणि दर एप्रिलमध्ये ते तिथं जमतात.

त्यानंतर बदल झपाट्यानं झाले. आज कालवांच्या शिंपल्यांवर टाक्यांमध्ये बी वाढवतात. शरदात ते शिंपले पिशव्यांत भरून जाळ्यांखाली लटकवतात. फांद्यांच्या जागी जाळी आली. उथळ पाण्यात ती खांबांना बांधतात, म्हणजे ओहोटीला उघडी पडून उन्हात इतर शेवाळ आणि रोग मरतात. खोल पाण्यात जाळी तरंगती ठेवतात. तिथं पीक जास्त येतं, पण ती उन्हात उघडी पडत नाहीत, म्हणून जाळी आम्लाच्या पाण्यात बुडवून काढण्याची रीत पडली. जांगहुंग जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी 2008 साली आम्ल वापरायचं नाही असं ठरवलं. त्यांचा निर्णय मला मोलाचा वाटतो, कारण तो तोट्याची शक्यता पत्करून घेतलेला होता.

विक्रीच्या बाजूलाही बदल झाले. कोरियन गिमला जपानचा बाजार कोटा ठरवून मोजूनमापून उघडला जाई. 2004 मध्ये कोरियानं ते गाऱ्हाणं जागतिक व्यापार संघटनेपुढे नेलं आणि 2006 मध्ये कोटा वाढवण्यावर तडजोड झाली. पण तोवर खाणारे जगभर पसरू लागले होते. 2023 मध्ये गिमची निर्यात पहिल्यांदाच एक लाख कोटी वॉनच्या पुढे गेली. या भरभराटीत थेइन बेट नाही. ग्वांगयांगच्या खाडीत भराव घालून पोलादाचा अवाढव्य कारखाना उभा राहिला, त्याची पहिली भट्टी 1987 मध्ये पेटली, आणि जिथं ही शेती जन्मली असं मानतात तिथली गिमची शेती संपली. उरली ती किम यॉ-इकच्या स्मरणाची वास्तू.

चिंता आता पाण्याच्या उष्णतेची आहे. कोरियाभोवतीचा समुद्र 1968 पासून सुमारे दीड अंशानं तापला आहे, जगाच्या सरासरीच्या साधारण दुप्पट. पाणी उशिरा गार होतं, बी उशिरा सोडावं लागतं, हंगाम आखूड होतो. गावांत म्हातारी माणसं उरली आहेत आणि बोटींवर परदेशी मजूर राबतात. जमिनीवरच्या टाक्यांत गिम वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत, पण त्या चिखलाची आणि भरती-ओहोटीची जागा टाकी भरून काढेल असं मला वाटत नाही.

गिमचा एक जातभाई आपल्याकडेही आहे. पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस ही जात पावसाळ्याच्या महिन्यांत कोकण आणि गोव्याच्या खडकांवर उगवते आणि पाऊस सरला की दिसेनाशी होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या नोंदी केल्या आहेत, पण आपल्या किनाऱ्यावर ती रोजच्या खाण्यात नाही की कुणाच्या उत्पन्नात नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना एवढंच सांगावंसं वाटतं: जुलै-ऑगस्टमध्ये, ओहोटीची आणि समुद्राची नीट खात्री करून, विद्यार्थ्यांना एकदा त्या खडकांवर न्या आणि ती ओळखायला शिकवा.