स्वातंत्र्यदिनाची कॅसेट

संगीतातले मला कळते ते एवढेच, की आवाज वाढला म्हणजे शेजारचे अण्णा दार वाजवतात. परवा पुतण्याने ‘अर्बन बँडिट्स’ लावले तेव्हा ते चप्पल न घालताच आले. शहरी दरोडेखोर असे नाव घेणाऱ्यांबद्दल बँकेतल्या माणसाला आस्था असायचे कारण नाही. पण कॅसेटचे नाव ऐकले, ‘इंडिपेन्डन्स डे’, फिलिपाईन्स, 1985, आणि माझ्यातला बी.कॉम. जागा झाला.

कारण त्या देशाच्या स्वातंत्र्याचे खाते भलते घोळाचे. 12 जून 1898 रोजी अगिनाल्दोने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले. डिसेंबरात स्पेनने अख्खा देश अमेरिकेच्या नावावर केला; मोबदला 2 कोटी डॉलर. खातेदाराची सही? छे! अमेरिकेने 1946 साली देश परत केला, तोही स्वतःच्या वाढदिवशी, 4 जुलैला. पुढे 1962 साली मकापगाल यांनी तारीख बदलून पुन्हा 12 जून केली. आमच्याकडे एवढी खाडाखोड दिसली तर ऑडिटर चहासुद्धा घेत नाही.

1985 साली दोन्ही तारखा नावापुरत्याच होत्या. मार्कोस 1965 च्या निवडणुकीपासून खुर्चीला चिकटलेले. 1972 चा लष्करी कायदा 1981 साली कागदावरून उठला, मानेवरून नाही. 1983 च्या ऑगस्टात निनॉय अक्विनोंना विमानतळावरच गोळी घातली, आणि ऑक्टोबरात सरकारने परदेशी बँकांना कळवले की मुद्दल तूर्त मिळणार नाही. अशा देशात काही पोरांनी कॅसेटला ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणायचे! त्यांचा त्या काळातला हा एकुलता एक अल्बम. काढला कोणी, तर टॉमी तांचान्को नावाच्या तरुणाच्या ‘ट्विस्टेड रेड क्रॉस’ या छोटेखानी कारभाराने. कॅसेटचे एक बरे असते, एकाने विकत घेतली की दुसरा कोरी आणून उतरवून घेतो. (मी कॉलेजात हेच करत असे, फक्त राजवट वगैरे काही पाडायची नव्हती.)

“काका, अशा आवाजानेच हुकूमशहा पडतात,” पुतण्या म्हणाला.

मग मी त्याला आमच्या बिरादरीची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी 1986 मध्ये मार्कोस विरुद्ध निनॉयची पत्नी कोरी, अशी निवडणूक झाली. सरकारी मोजणीत संगणकावर आकडे चढवणाऱ्यांत बाया जास्त. आपण भरलेले आकडे आणि फलकावरचे आकडे काही केल्या जुळेनात. 9 तारखेच्या रात्री तीसेक जण जागेवरून उठले आणि चालते झाले. ना ड्रम, ना गिटार. 25 तारखेला मार्कोस देश सोडून गेले.

“तुमचे आकडे कधी जुळले नाहीत, तर तुम्ही काय करता?” त्याने विचारले.

एकदा नव्हते जुळले. “जुळवून टाका हो,” साहेब म्हणाले होते, आणि मी सहा वाजताची लोकल गाठली होती.

एवढ्यात अण्णांनी पुन्हा दार वाजवले. मी स्वतः उठून उघडले आणि म्हटले, “या, या, बसा ना!”