हक्कसोड म्हणजे त्याग का?



आमचं युसूफ वडगाव असो, केज असो की अंबाजोगाई, आपल्या घरांतून वडील गेल्यावर काही दिवसांनी एक कागद पुढे येतोच. त्याला म्हणतात हक्कसोडपत्र. लेकींनी त्यावर सह्या करायच्या, म्हणजे शेत आणि घर भावांच्या नावावर होतं. सही मागणारे बहुतेक वेळा वाईट नसतात. पण त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "आपण जैन, आपल्याला परिग्रह कशाला? त्याग करावा." हे ऐकलं की बाईला पुढे काही बोलवत नाही. म्हणून आज जरा इतिहासात डोकावू या. जैन बाईला मालमत्ता होती का, आणि ती सोडणं म्हणजे खरंच त्याग का, एवढंच पाहायचं आहे.

हजार वर्षांपूर्वी आपल्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. त्यांच्याच राज्यात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. तिचा नवरा नागदेव सेनापती होता. तो गेल्यावर तिची बहीण, जी तिची सवतही होती, सती गेली. अत्तिमब्बे मात्र मुलाला वाढवत, धर्म करत जगली. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या. रन्न कवीला तिने आश्रय दिला. कर्नाटकातल्या लक्कुंडीला तिने बांधलेलं जिनमंदिर आजही उभं आहे आणि तिथे इ. स. १००७ चा शिलालेख आहे. लोक तिला दानचिंतामणी म्हणत. म्हणजे दान विधवेचं होतं आणि शिलालेखात नावही तिचंच आहे.

दुसरं नाव अहमदाबादच्या हरकुंवर शेठाणींचं. हठीसिंग शेठ १८४५ मध्ये गेले तेव्हा त्यांनी ठरवलेलं धर्मनाथ भगवंतांचं देरासर अपुरं होतं. शेठाणींनी स्वतः लक्ष घालून ते १८४८ मध्ये पुरं केलं. त्या काळी त्याला दहा लाखांच्या घरात खर्च आला असं सांगतात. एवढा पैसा हाताळणाऱ्या बाईला "तुम्हांला व्यवहारातलं काय कळतं" असं म्हणायची कोणाची छाती झाली नसेल.

या दोघी मोठ्या घरच्या. सामान्य घरातल्या विधवेचा प्रश्न इंग्रजी कोर्टं आल्यावर कागदावर आला. जैनांना कोणता कायदा लावायचा हेच तिथे ठरलेलं नव्हतं. १८७३ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की जैनांना हिंदू कायदाच लागू. तुमची रूढी वेगळी असेल तर ती तुम्ही पुराव्याने सिद्ध करा. पाच वर्षांनी, १८७८ मध्ये, विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे उत्तरेतल्या दाखो नावाच्या सरावगी अग्रवाल विधवेचा खटला आला. तिच्या समाजाची रूढी साक्षीदारांनी कोर्टात सिद्ध केली होती. निकाल असा लागला की मुलगा नसलेली विधवा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेची पूर्ण मालकीण होते आणि नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तकही घेऊ शकते. त्या काळी बाकीच्या हिंदू विधवांना साधारणपणे फक्त हयातीपुरता हक्क मिळत असे. विकता येत नसे, देता येत नसे. त्या मानाने हा निकाल केवढा मोठा होता!

पण त्यातली खोच लक्षात घ्या. हक्क मिळाला तो ज्यांनी रूढी सिद्ध केली त्यांना. ज्या गावात, ज्या पोटजातीत कोणी साक्ष दिली नाही, कागद ठेवला नाही, तिथल्या बायकांना दाखोच्या निकालाचा आधार आपोआप मिळाला नाही. १९२६ मध्ये बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी भद्रबाहुसंहिता, अर्हन्नीती अशा ग्रंथांच्या आधारे जैन कायद्यावर पुस्तक लिहिलं आणि आपल्या नीतिग्रंथांत विधवेला पूर्ण मालकी आहे हे मांडलं. तरीही कोर्टं बहुतेक "रूढी सिद्ध करा" याच वाटेने चालली.

१९३७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात विधवेला मुलाइतका वाटा देणारा कायदा आला, पण तोही हयातीपुरताच. १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की प्रांतांतल्या शेतजमिनीला तो लागू नाही. आणि आपण तर तेव्हा निजामाच्या राज्यात. तिकडचा कायदा इकडे आपोआप लागू होतच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो आणि १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्यात जैन, बौद्ध, शीख यांची नावं स्पष्ट लिहिली आहेत. त्यानंतर कोणाला रूढी सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत आई, आजी, मुलगा, मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. शिवाय बाईकडे हक्काने आलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण झाली. दाखोला जे लढून मिळालं, ते अठ्ठ्याहत्तर वर्षांनी सगळ्यांना मिळालं.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र लेक जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तिला हिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेदही गेला. त्याच दुरुस्तीने राहत्या घराचं वाटप मागायला मुलींना जी आडकाठी होती तीही काढली. मग वाद उरला की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की तशी अट नाही, कारण लेकीचा हक्क जन्मापासूनचा आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेली वाटपं मात्र मोडत नाहीत.

घराचं हे असं. मंदिराचंही फार वेगळं नाही. आपली मंदिरं, स्थानकं, धर्मशाळा, भांड्यांचा साठा, पाठशाळेची जागा ही सगळ्यांची सामाईक मिळकत. तिच्यासाठी १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे, तो पुढे मराठवाड्यालाही लागू झाला. या कायद्याविरुद्ध एका जैन मंदिराचे वहिवाटदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९५४ च्या त्या निकालाने दोन्ही बाजू सांभाळल्या. नोंदणी, हिशोब, तपासणी हे सरकार करू शकतं. पण दात्याचा मूळ धार्मिक हेतू पुरा करता येत असताना तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. देवद्रव्य देवाच्याच कामी, ही आपली जुनी मर्यादा त्यामुळे कायद्यातही टिकली. मंदिराची जमीन किंवा इमारत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकताही येत नाही.

आता आपापल्या गावातल्या मंदिराची वही डोळ्यांपुढे आणा. बोलीचे पैसे कितीदा बाईच्या बचतीतले असतात, सोनंही तिच्याच अंगावरचं असतं. वहीत नाव कोणाचं लागतं? विश्वस्तांच्या यादीत आपल्यापैकी किती जणी आहेत? अत्तिमब्बेचं नाव दगडावर कोरलं गेलं आणि आपलं साध्या पावतीवरही येत नाही, हे मला खटकतं.

आता पुन्हा त्यागाकडे येऊ. तत्त्वार्थसूत्र आपल्या सगळ्या पंथांना मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आहे आणि तिच्यात 'स्व' हा शब्द आहे. जे स्वतःचं आहे ते दुसऱ्याच्या भल्यासाठी देणं, ते दान. जे कधी आपल्या नावावर झालंच नाही ते आपण कसं देणार? परिग्रह-परिमाणाच्या व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा घालायची, त्यांत पहिली दोन नावं क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर. हे व्रत श्रावकाइतकंच श्राविकेचंही आहे. तिच्याकडे शेत-घर असू शकतं हे धरूनच तिला मर्यादा सांगितली आहे. आणि अचौर्याचा अर्थ न दिलेलं घेऊ नये. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे मनापासून दिलेलं का, हा विचार भावांनीही करावा.

मी कोणाला कोर्टात जा म्हणत नाही. कोर्टकज्ज्यात घरं मोडतात हे आपण पाहतो. ज्या बहिणीला खरोखर द्यायचं आहे तिने खुशाल द्यावं. फक्त क्रम नीट असू द्या. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद करताना सगळ्या लेकींची आणि आईची नावं लागली आहेत ना, ते फेरफार आणि सातबारा काढून पाहा. कोरा कागद किंवा न वाचलेला मजकूर यावर सही करू नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि नोंदलं की ते सहजी फिरत नाही, म्हणून चार दिवस घरी आणून वाचा. आईचा वाटा तर तिच्या हयातीत तिच्याच नावावर राहू द्या. म्हातारपणी तोच तिचा आधार आहे. मंदिरात पुढच्या वेळी दान लिहिताना पावती स्वतःच्या नावाने मागा आणि वर्षाचा हिशोब वाचून दाखवतात त्या सभेला आवर्जून बसा.

नाव लागल्यावर मग भावाला द्या, मंदिराला द्या, लेकीच्या शिक्षणाला द्या. तेव्हा ते दान होईल आणि त्याचं पुण्यही तुमचंच असेल.

जय जिनेंद्र.