घराची दुरुस्ती सुरू असताना त्याच घरात कसे राहावे?

धाराशिव जिल्ह्यातील अनेक जुनी घरे माळवदाची आहेत : मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचा थर. दुरुस्ती निघाली की वेगळी खोली भाड्याने घेणे प्रत्येकाला जमत नाही. मग एका खणात नवरा-बायकोचा संसार आणि दुसऱ्या खणात गवंडी, असे काही महिने काढावे लागतात.

1993 नंतरचा अनुभव

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्री, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. सुमारे 8 हजार माणसे गेली. 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरे जागेवरच दुरुस्त किंवा मजबूत करण्यात आली. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या या कार्यक्रमात घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचे होते. म्हणजे दुरुस्ती सुरू असलेल्या घरात राहणे हा हजारो कुटुंबांचा अनुभव आहे.

धोका कुठे असतो?

या भिंतींना आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात, मध्ये दगड-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्याने पदर सुटतात. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने छताचे वजनही वाढलेले असते. हाच धोका दुरुस्तीच्या काळात पुन्हा उभा राहतो, कारण भिंत उकलली की आधार कमी होतो आणि वजन मात्र तेवढेच राहते.

कामाचा क्रम

- आधी छतावरची माती सगळीकडून सारख्या थरांत उतरवावी. भिंतीला नंतर हात लावावा.
- तुळयांना टेकू दिल्याशिवाय भिंत उकलू नये.
- एका वेळी एकच खण मोकळा करावा. उकललेल्या भिंतीला लागून किंवा अर्धवट छताखाली झोपू नये.
- चूल किंवा गॅस, पिण्याचे पाणी आणि धान्य धुळीपासून दूर, एकाच बंद खणात ठेवावे.
- जुन्या भिंतीत विंचू, साप असतात. अंथरूण झटकूनच पसरावे, रात्री बॅटरी जवळ ठेवावी.

पाण्याचा हिशेब

काम साधारणपणे रब्बीची रास झाल्यावर सुरू होते आणि मृगाच्या पावसाआधी संपवायचे असते. नेमकी तीच पाणीटंचाईची वेळ. सिमेंटच्या कामाला निदान आठवडाभर ओल लागते आणि स्लॅबला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. घरात दोन हंडे पाणी आले, तर ते स्लॅबला की स्वयंपाकाला, यावरून रोज भांडण होते. कामाच्या पाण्याचा टँकर किंवा टाकी घरखर्चातून वेगळी धरली, तर हा वाद बराच कमी होतो.

निर्णय कोणाचा?

नवरा शेतात किंवा पुण्याला कामावर, आणि गवंड्यासमोर दिवसभर बायको, हे चित्र नेहमीचे. देखरेख तिची, पण पैसे आणि शेवटचा शब्द त्याचा असेल तर काम अडते आणि चूक झाली की बोल मात्र तिला बसतो. भूकंपानंतरच्या कार्यक्रमात महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. भूकंपरोधक बांधणी त्या घरोघर समजावून सांगत आणि कामावर लक्ष ठेवत. यातून घ्यायचा धडा साधा आहे : गवंड्याशी ठरणारा दर, हप्ते आणि नकाशा दोघांसमोर ठरवावा, वहीत लिहावा आणि रोजच्या खर्चाची रक्कम घरी असणाऱ्याच्या हाती द्यावी. चूलखणाची जागा, उजेडाची खिडकी आणि न्हाणीघर यांबाबत तिथे वावरणाऱ्या व्यक्तीचे मत आधी विचारावे.

काम संपल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घर दोघांच्या नावे आहे का, हेही पाहावे. नसल्यास ग्रामपंचायतीकडे अर्ज करता येतो.